शकुनचं शेवटचं कोहळं

आमच्या परतवाड्याकडे लाल भोपळ्याले कोहळंच म्हणतात. शेजारच्या शकुननं ठेवलेलं कोहळं पौषात तोडलं तर अखजीपर्यंत, म्हणजे पार अक्षय्य तृतीयेपर्यंत टिके. वेल सुकला, देठ लाकडासारखा झाला, सालीत नख रुतेनासं झालं की मगच तोडायचं, चार बोटं देठ ठेवून. मग आठ-दहा दिवस उन्हात उलटपालट, अन् नंतर तुरीच्या काड्यांच्या मचाणावर, एकाले एक लागू न देता. बियाणं तिच्या माहेरचं. चाळीस वर्षं तिनं ते मोडू दिलं नव्हतं. माझी कोहळी संक्रांतीलाच पाणी सोडत. ती म्हणे, "दुर्गाबाई, तुमी त्याइले बोलून बोलून नासवता."

पण अख्ख्या कोहळ्याले तिनं कधी सुरी लावली नाही. ते घरच्या मोठ्या पोरासारखं, बाईनं कापायचं नाही, असं आमच्यात मानतात. पहिला घाव पुरुषाचा. नवरा गेल्यावर तो तिचा एकुलता एक मुलगा श्रावण घाले. वेलावरून देठही तोच कापे.

दिवाळीनंतर श्रावण मोटारसायकलच्या अपघातात गेला.

पौषात वेल सुकला. शकुननं कोणाले बोलावलं नाही. सुरी लावायची नाही म्हणून एकेक कोहळं हातानं पिळून तोडलं. देठ फळातून उपटून आले. देठ नसला की तिथूनच सड शिरते, हे तिनंच मला शिकवलेलं. मी पाहिलं आणि गप्प बसले. जन्मात एकदाच गप्प बसले, तेही नको तिथं.

चैत्र सरेपर्यंत अकरातली दहा उकिरड्यावर गेली. उरलं एक. सगळं बियाणं आता त्याच्याच पोटात.

अखजीले आमच्याकडे पितरांचं पान वाढतात, त्यात कोहळ्याची भाजी लागतेच. श्रावणचं हे पहिलं पान. सकाळी गेले तर सून वर्षाली चुलीपाशी, अन् शकुन कोहळं मांडीवर घेऊन बसलेली. बुडाशी बोराएवढा मऊ डाग पडला होता.

"काप आता," मी म्हटलं.

"मी कशी कापू व माय?"

"मंग आमच्या म्हाताऱ्याले बोलावतो. दिवसभर बाज मोडून राहिला, एक कोहळं मोडंल."

"नाही. या घरात श्रावणच कापे."

वर्षालीनं मान वर केली. "आत्याबाई, पेरलं तं त्याइनंच होतं ना. काहून सडू देता?"

शकुन उठली. ओट्यावर जाऊन तिनं कोहळं छातीशी धरलं आणि खालच्या दगडावर सोडून दिलं. कोहळं फुटलं.

"पडलं," ती म्हणाली.

"पडलं," मी म्हटलं. "मी पाह्यलं ना."

अर्ध्या बियांना आतच पांढरे कोंब फुटले होते, त्या कामातून गेल्या. चांगल्या निघाल्या मूठभर. वर्षालीनं त्या राखेत चोळून सावलीत घातल्या. शाबूत गर श्रावणच्या पानावर गेला. भाजीत मीठ नव्हतं.

चार दिवसांनी शकुन अर्धं बियाणं फडक्यात बांधून घेऊन आली. "तुमच्याजवळ ठेवा. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला."

माझ्याजवळ काय टिकते हे तिच्याइतकं कोणाले माहीत? तरी ठेवून गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी ती गाठ सोडून पाहते.