आबांचे आठ रिले

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये पाण्याची वेळ बघत उभा होतो. त्यांचा मुलगा प्रकाशदादा पुण्याच्या दवाखान्यातून एवढंच म्हणाला, ‘‘दत्ता, आबा गेले रे.’’ आणि मी म्हणालो, ‘‘बरं... मग दोन नंबरचे फवारे बंद करू का?’’ दीड महिना झाला, त्या वाक्याची लाज अजून जात नाही. कुरवंड्यातल्या आबांच्या घरात मला कामाशिवाय दुसरी भाषा कुणी शिकवलीच नव्हती, हे बहुधा दादालाही ठाऊक असावं.

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीतच सुटली, बायकोपोरं अजून तिकडेच. त्यामुळे आबांकडचं काम जाईल ही धास्ती मला उठता-बसता. आबांची सगळी नोकरी घाटात, रेल्वेच्या सिग्नलवर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा संगणक आणला आणि त्याला जोडायला आठ रिलेंची पट्टी. रिले म्हणजे संगणकाच्या इवल्याशा इशाऱ्यावर मोठा पंप चालू-बंद करणारं बटण. ‘टक्’ वाजतं आणि काम होतं. आम्हाला दोनच पुरत होते, एक पंपाला, एक फवाऱ्यांना. पण बाकीचे रिकामे बसलेत हे आबांना बघवेना. ‘‘बसून कुनाला पगार हाय रं हितं?’’ म्हणत त्यांनी अंगणाचं फाटक जोडलं, माईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मिक्सर जोडला, आणि भिंतीपलीकडच्या मारुतीच्या देवळातला विजेवरचा नगारासुद्धा जोडला! संगणकाला हुकूम टाइप करून द्यायचं काम माझ्याकडे. ‘‘आबा, मला इंग्रजी येत नाही.’’ ‘‘मला तरी कुटं येतंय? त्या डबीला येतंय, बास.’’

एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद, असं धरून मी सगळं लिहिलं. आमची पट्टी उलट्या स्वभावाची निघाली, शून्य मिळालं की चालू होणारी. त्या दिवशी गेलेली लाइट भर दुपारी आली, संगणक जागा झाला आणि त्यानं माझ्या हुकमाप्रमाणे सगळं ‘बंद’ केलं... फवारे सुटले, जुड्या बांधणाऱ्या बायका नखशिखांत भिजल्या, फाटक उघडून दोन म्हशी आत आल्या, माईंच्या मिक्सरनं झाकण उडवून चटणी आढ्याला लावली आणि पलीकडे नगारा घुमायला लागला. चार म्हातारी माणसं कापूर घेऊन धावत आली. चूक कळल्यावरही परत जाईनात. ‘‘आता सुरू झालीच हाय तर म्हनूनच टाकू,’’ म्हणाली, आणि आरती पुरी करूनच गेली.

मी पिशवी भरली. आबा दारात आले, अंगावर ओला सदरा, कानावर चटणी.

‘‘कुटं निगाला?’’

‘‘गावाला. माझ्यानं लय नुकसान झालं, आबा.’’

‘‘आरं, आमच्या खात्यात बिगाड झाला की सिग्नल लाल व्हायचा, गाडी थांबायची. तुज्या बिगाडात समद्या गाड्या सुटल्या! असली कला घिऊन कुटं जातो? नीट कर आदी.’’

‘‘आदी कान पुसा!’’ माई आतून ओरडल्या.

नीट करायला मला तीन दिवस लागले. आबा शेजारी स्टुलावर शेंगा सोलत बसून होते. एकदाही मध्ये हात घातला नाही. फक्त चुकलं की सोलायचं थांबायचे... मला तेवढं पुरायचं.

तेराव्यानंतर प्रकाशदादा एका माणसाला घेऊन आला. पट्टी काढून साधे टायमर बसवायचं ठरत होतं. टायमरला दत्ता कशाला लागतो? मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दादानं पट्टीच्या पेटीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, रेल्वेच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरांत आबांनी रंगवलं होतं : ‘दत्ताला विचारल्याशिवाय हात लावू नये.’

ते मीही पहिल्यांदाच बघत होतो; सगळं नीट झाल्यावर ती पेटी उघडायची वेळच आली नव्हती.

त्या माणसानं पक्कड खाली घेतली. दादानं ती अक्षरं वाचली, मग माझ्याकडे वळला. ‘‘दत्ता... लावू का हात?’’

त्या घरात मी तोवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

‘‘नको,’’ मी म्हणालो.

दादानं झाकण लावलं आणि हात खिशात घातला.