शेवट बुधवारी

कलकत्त्यात, बेहालाच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांइतका खोटं बोलणारा सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझी नोकरी तपासनिसाची, तेव्हा हे मी जबाबदारीने लिहितो. मास्तर जन्माने कलकत्त्याचे, शाळेत भूगोल शिकवायचे. दर शनिवारी ते मला ट्रामने एस्प्लनेडला मॅटिनीला ओढून न्यायचे आणि रविवारी सकाळी तो सिनेमा अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बायकोला सांगायचे. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा, त्यांचं सांगणं तीन तास दहा. मी घड्याळ लावून पाहिलंय. गोष्ट कधी सुरुवातीपासून सुरू व्हायची नाही. एका नावाड्याच्या सिनेमात आधी नुसता रिकामा घाट आला, पायरीवर एकच चप्पल, मग वीस वर्षं मागे. मध्येच वीज जाऊन पंखा थांबला, तर म्हणाले, "वारा पडला. होडी जागच्या जागी." आणि खरंच खोलीत पाणी साचल्यासारखं वाटलं.

"मास्तर, सिनेमात चप्पल नव्हती," मी जिन्यात म्हणालो.

"घड्याळवाले, चप्पल नसती तर ती कुणाची, हे तिने विचारलं असतं का?"

शेवट मात्र बुधवारी. वहिनींचं अन्न तुटत चाललं होतं. आधी चार घास, मग शेवट, अशी मास्तरांची अट. त्या चार घासांसाठी ते गोष्ट अडवून धरायचे.

मंगळवारी मास्तर शाळेत असताना मी औषध द्यायला वर गेलो. वहिनींनी विचारलं, "भावजी, तो नावाडी परत येतो का हो?"

"नाही, बुडतो," मी म्हणालो. जिना उतरताना चूक लक्षात आली.

बुधवारी मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो. वहिनी मुकाट्याने चार घास जेवल्या. मास्तरांनी नावाड्याला धुक्यातून परत आणला, दुसऱ्या पायात चप्पलही घातली. वहिनींनी पाचवा घास मागितला. मास्तर भात आणायला आत गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा शेवट खरा असेल, भावजी. पण ह्यांचा ऐकला की भूक लागते."

त्यानंतर वहिनी अकरा महिने होत्या.

शनिवारी आम्ही अजून जातो. परतताना ट्राम मैदानाच्या कडेने झोपेत चालल्यासारखी जाते. मग मीच विचारतो, "मास्तर, आज ती चप्पल कुणाची होती हो?" सिनेमात चप्पल नसते, घाटही नसतो.

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणतात, "बुधवारी सांगतो."