ह्याच जलमात का पुढल्या

माझं दीड वर्साचं लेकरू दुष्काळाच्या साली हागवणीनं गेलं. सकाळी पाणी मागत व्हतं, दिवस मावळायच्या आत गार पडलं. आमचं गाव कळमनुरीच्या बाजूला. हिरीत नुसता गाळ राहिला व्हता, तोच फडक्यानं गाळून सगळे पेत व्हते. लेकराला माती दिली आन् मी परत सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले. न जाऊन काय करावं? हजेरी न्हाई तं सरकारकडून खायाला भेटायची ती सुकडी न्हाई.

रडू यायचं, त्याचं काही न्हाई. बाई रडतीच. तकलीफ दुसरीच व्हती. हातात हातोडा चालून राहिलेला आन् डोकं त्याच एका दिवसाभवती फिरून राहिलेलं. जेवताना तेच, सरपण आणताना तेच. मला वाटायचं, हे असंच मरेपर्यंत चालायचं असंल तं कसं व्हावं.

मंग आषाढ लागला. पावसाचा पत्ता न्हाई, पण आमच्या वस्तीत वर्षावास बसला. पावसाळ्याचे तीन महिने रोज दिवाबत्तीच्या टायमाला विहारात धम्माचा ग्रंथ वाचायचे. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. वाचायचे माझे थोरले दीर, त्यास्नी मी भाया म्हणायची. बाप्ये म्होरं, बाया दारापाशी. भायासमोर सुनेनं तोंड उघडायचं न्हाई, पदर ढळू द्यायचा न्हाई. धम्म घेऊन इतकी वर्सं झाली, देव गेले, पण ही रीत तशीच राहिली व्हती.

एका रोजी वाचण्यात निब्बाण आलं. मनातली आग इझती, माणूस दुःखातून सुटतो, असं काही. मी कान दिऊन आयकलं. मनात म्हणलं, हेच पाहिजे मला.

भायानं ग्रंथ मिटला आन् आपल्या मनानं बोलले, "बायांनी दान करावं, शील पाळावं. निब्बाण काई बाईला भेटत न्हाई. पुढं बाप्याचा जलम आला तं मंग."

माझी सासू, म्हंजी भायाचीच माय, दाराला टेकून बसली व्हती. तोंडात एकबी दात न्हाई, पण जबान बराबर चालायची. ती म्हणली, "काहून रं, पुढला जलम अजून शिल्लक हाय का आपल्यात? देव गाठोड्यात बांधून कयाधू नदीत सोडले, तवा तूच वरडत व्हतास, मागला जलम न्हाई, पुढला न्हाई. का एक बायांसाठी वळचणीला खोसून ठिवला?"

सगळे खो खो हसले. भायाबी हसले. "माय, तुझ्यासंगं कोणी बोलावं," म्हणले आन् दिवा उचलला.

हसण्यावारी गेलं ते, पण माझ्या मनातून जाईना. भायाचं खरं असंल तं मला सुटका न्हाई. त्यास्नी इचारता येत न्हाई. माझ्या मालकाला इचारलं तं ते म्हणले, "दादाला जास्त कळतं."

पुनवेला नांदेडाकडून भंतेजी आले. वंदना झाली, प्रवचन झालं. भंतेजी म्हणले, "कोणाला काही इचारायचं असंल तं इचारा." दोन-चार बाप्यांनी इचारलं. मी उठून उभी राहिले. मालकानं मागं वळून पाह्यलं, डोळ्यानंच बस म्हणले. मी पदर कपाळापर्यंत वढला आन् भुईकडं पाहत म्हणलं, "भंतेजी, बाईला निब्बाण ह्याच जलमात भेटतं का न्हाई?"

भायाची मान खाली गेली.

भंतेजीनं सांगितलं, बुद्धाला ज्या मावशीनं वाढवलं, तिनं केस उतरवले, पुष्कळ बाया संगं घेतल्या आन् अनवाणी चालत त्याच्या दाराशी गेली. पाय सुजले व्हते, अंगावर धूळ. आधी बुद्ध तिला संघात घ्यायला न्हाईच म्हणले. मंग एका शिष्यानं बुद्धालाच इचारलं, बाई तिथवर पोचती का न्हाई? बुद्ध म्हणले, पोचती. आन् त्या बाया पोचल्या, त्याच जलमात.

"आणखी एक बाई व्हती," भंतेजी म्हणले. "तिचा नवरा, लेकरं, समदे एकदमच गेले. अंगावर कपडा ऱ्हायला न्हाई, अशी फिरत व्हती. तिला बायांच्या संघात घेतलं. एक दिवस ती पाय धुवून राहिली व्हती. पाणी वतलं, ते जवळच मुरलं. आणखी वतलं, ते जरा लांब गेलं. आणखी वतलं, ते त्याच्याबी लांब. तिनं पाह्यलं, माणसाचंबी असंच हाय, कोणी लवकर जातं, कोणी उशिरा. तिथून तिचं मन थाऱ्यावर आलं."

सासू हळूच म्हणली, "पाय धुवाया इतकं पाणी! तिच्या गावाला दुष्काळ नव्हता वाटतं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं न्हाई. मी भुईकडंच पाहून राहिले व्हते. माझं लेकरू म्हंजी ते जवळच मुरलेलं पाणी. त्याच्यात वाईट काही नव्हतं, पाणीच थोडं व्हतं.

भंतेजी म्हणले, "बाई, पुनवेला आठ शील घेत जा. उपोसथ कर. दुपार ढळल्यावर खायाचं न्हाई, मन कुठं जातं ते पाहायचं."

दुसऱ्या रोजी ग्रंथ उघडायच्या आधी भाया सतरंजीकडं पाहत बोलले, "बायांनी म्होरं सरकून बसा. तिथं आयकू येत नसंल." आमी सरकलो.

पुढल्या पुनवेला मी आठ शील घेतले आन् कामावर गेले. त्या रोजी सुकडीची गाडी दुपार ढळल्यावर आली. मी माझी सुकडी पदरात बांधली. संगच्या बाया म्हणल्या, "आमाला सरकारनं रोजचाच उपोसथ दिला, तुला आणखी काहून पाहिजे?" मी हसले. लेकराची याद आली, येणारच. आली तशी मी पाह्यली. हातोडा चालत राहिला, आन् थोड्या टायमानं ती आपली आपण गेली. पहिल्यांदाच गेली.

घरी आले तं सासू चुलीपाशी बसली व्हती. माझ्या तोंडाकडं पाहून म्हणली, "आज रडली न्हाईस?"

"न्हाई, आत्याबाई."

"मंग खाय काहीतरी."

"आज उपोसथ हाय."

तिनं सुकडी घेतली, ताटलीत काढून वर झाकण घातलं. "सकाळी खाय," म्हणली.