अण्णांची मनातली जीप

महाड ते वरंध जीप चालवणाऱ्या अण्णांचा कुणावरही भरवसा नसे. सकाळी तपासलेला टायर दुपारी पुन्हा तपासत. दार नीट लागल्याचं प्रवाशानं सांगितलं, की हटकून उतरून ओढून बघत. पाठीमागे सगळे त्यांना शंकासूर म्हणायचे. मी वरंधच्या शाळेत शिक्षक; त्यांच्या शेजारची जागा माझी.

पत्र्यानं अण्णांच्या डाव्या हाताची बोटं हलवणारी शीर कापली, ऑपरेशन झालं, आणि ही शंका दवाखान्यातही शिरली. हात पट्टीत बांधलेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोटं अजून हलवायची नाहीत. डोळे मिटून मनात गिअर टाका. हात बरा व्हायला मदत होते."

बाहेर येताच अण्णा कुजबुजले, "गुरुजी, पोरानं शिकवून ठेवलंय तिला. म्हातारा मनातली गाडी चालवतोय, तवर खरी विकून टाकायची."

हात गिअरवर बसला नाही तर जीप विकायची, असं मुंबईच्या मुलानं बजावलं होतं. त्यामुळे अण्णा मुकाट्यानं रोज ओटीवर डोळे मिटून बसू लागले. एकदा मी विचारलं, "कुठवर पोचलात?"

"अजून गाडीखालीच हाय. नट बघतोय."

मनातल्या गाडीचेही नट! मी कपाळाला हात लावला. शेवटी एकदाचे निघाले, घाटही चढू लागले, तरी कुरकुर होतीच. "मनात गिअर कधीच चुकत नाय. म्हणूनच मला संशय येतो."

पट्टी सुटली. व्यायाम करता करता मूठ वळू लागली, शर्टाची बटणं लागू लागली. बाई खूश झाल्या. अण्णांनी मात्र श्रेय गोळ्यांना दिलं.

मग जीप काढली. वरंधच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, त्यांनी मला उतरवलं. "तुम्ही थांबा, गुरुजी. गाडी रिकामी पायजे." मी रस्त्याच्या कडेला कान देऊन उभा राहिलो. वर कुठेतरी गिअर करकरला. थोड्या वेळानं अण्णा परत आले.

"हात बरा हाय. पण एकदा चुकला."

"एकदाच ना? होईल सवय."

"मागं माणसं असती तर?"

मी चिडलो, विनवण्या केल्या. अण्णांनी तिथूनच मुलाला फोन लावला, जीप विक म्हणून सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

आता नव्या गाडीनं जातो. गाडी गुळगुळीत, ड्रायव्हर हसतमुख, कशावरच शंका घेत नाही. अण्णांच्या जीपमध्ये मी वरंध येईपर्यंत खुशाल घोरायचो. हिच्यात माझा डोळा लागत नाही.