रेजीनं माझ्याविरुद्ध लिहिलं ते

सायकल क्लबातली क्लेमांस म्हणाली, मोरिसेत, तुम्ही रेजीच्या सख्ख्या बहीण, तुम्हीच चार ओळी लिहा, नव्या नकाशाच्या मागे छापायच्या आहेत. मी म्हटलं, बाई गं, मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली ती गायींत गेले, मला कसलं लिहायला लावतेस. तर म्हणाली, बोलता तसंच टाइप करा. म्हणून रेजीच्याच कॉम्प्युटरवर एका बोटानं बडवत बसलेय. चार ओळीत मावणार नाही, आधीच सांगते.

माझा भाऊ रेजी. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या गावच्या पंचायतीत रस्त्याचा माणूस होता सदतीस वर्षं. गटारं काढायची, कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायचं. नोकरीतून सुटला तेव्हा लोक घरी बसतात, हा जंगलात शिरला. आमच्या तोरियाँ नदीच्या खोऱ्यात जुन्या वाटा किती तरी आहेत, गिरणीकडे जाणाऱ्या, चेस्टनटच्या रानातून जाणाऱ्या, आजोबांच्या वेळच्या. माणसं चालायची थांबली की झुडपं वाट खाऊन टाकतात. हा कोयता नि करवत घेऊन एकेक मोकळी करत गेला. मग त्या जोडून सत्तर किलोमीटरचा फेरा केला, जाड टायरच्या सायकलींसाठी. डांबर जवळजवळ नाहीच. खडी, माती, नदीचा काठ, रान.

आणि लोक यायला लागले हो. बेल्जियमचे, हॉलंडचे, पॅरिसचे. रेजी कुठाय, रेजीला भेटायचंय. मी एकेचाळीस वर्षं ह्याच खोऱ्यात लाल गायी पाळल्या, वासरं ओढून काढली, मला कोणी कधी नाव विचारलं नाही.

मी जळायचे त्याच्यावर. लिहूनच टाकते.

हे नवं नाही, जुनं आहे. आमच्याकडे बारा वर्षांचं पोर झालं की चर्चमध्ये मोठा विधी असतो, नि त्या दिवशी घरचे मोठी भेट देतात. मला बाबांनी चार चादरी दिल्या, कोपऱ्यात माझ्या नावाची अक्षरं भरलेल्या, लग्नात न्यायला. रेजीला सायकल. निळी. मी चादरीची घडी मांडीवर घेऊन बसले होते नि तो अंगणात घंटी वाजवत होता. अजून ऐकू येते मला ती घंटी.

मोठेपणी तो दर रविवारी क्लबाच्या लोकांना फिरवून आणायचा नि पंचायतीच्या हॉलमध्ये खाऊ घालायचा. काय? माझं बटाट्याचं पॅटिस. मैद्याच्या दोन पोळ्यांत बटाटे भरून भाजलेलं, ताटाएवढं. भाजून झालं की वरच्या पोळीला भोक पाडून आत साय ओतायची असते, ती ओतायची वेळ हुकली की गेलं सगळं. पहाटे उठून करायचे मी. एकदा भांडं परत आणायला हॉलमध्ये गेले तर एक बेल्जियन तोंड भरून म्हणतो, "वा! रेजीचं पॅटिस!"

मी रेजीकडे बघितलं. तो म्हणाला, "अगं मी सांगणारच होतो."

"कधी? माझ्या अंत्यविधीला?"

सगळे हसले. त्यालाच हसायला आलं जास्त. मी भांडं उचललं नि आले. पुढचे दोन रविवार केलं नाही. तिसऱ्या रविवारी केलं, कारण तो दारात येऊन नुसता उभा राहिला, टोपी हातात.

आता तारेचं सांगते.

आमच्या कुरणाच्या कडेनं एक वाट नदीकडे उतरायची, गिरणीची वाट. वाट गावाची, सरकारी. पण माझा नवरा फेर्नां, त्यानं सत्त्याऐंशी साली कडेची झुडपं काढली, तार ओढली नि वाट कुरणात घेतली. सगळेच घ्यायचे तेव्हा. कोण जाणार होतं गिरणीला? गिरणी पण पडली. फेर्नां गेला, तार राहिली.

रेजीच्या फेऱ्यात तेवढाच तुकडा अडत होता. त्याच्यामुळं सायकलवाल्यांना मोठ्या रस्त्यानं जावं लागायचं, जिथून लाकडाचे ट्रक धडधडत येतात. दर वसंतात तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा.

"मोरिसेत, तेवढी तार काढ की गं. पाचशे पावलं नाहीत."

"गायी बुजतात."

"तुझ्या गायी? फेर्नांच्या ट्रॅक्टरला बुजल्या नाहीत, चौदा जुलैच्या मिरवणुकीतल्या बँडला बुजल्या नाहीत, नि घट्ट चड्डी घातलेल्या डच माणसाला बुजतात?"

"मी बुजते त्याला."

"मग तू तिकडं बघू नको."

"माझं कुरण, मी बघीन."

हसून जायचा. आणि मी गायींचं खोटं सांगितलं होतं. मला नको होतं ते त्याचं व्हायला. सगळं खोरं त्याचं झालं होतं, नकाशावर नाव त्याचं, एवढी एक पट्टी माझी राहू दे.

मागच्या हिवाळ्यात कुजबुज ऐकली की पंचायत जुन्या वाटा परत मोजणार. मी सरळ मेयरबाईंकडे गेले नि अर्ज टाकला, ती वाट मला विकत द्या. आमच्याकडे असं असतं, गावाची वाट कोणी वापरत नसेल तर विकता येते. पण आधी पंधरा दिवस पंचायतीत एक रजिस्टर ठेवतात. कोणाचं काही म्हणणं असलं तर त्यात लिहायचं. शेवटच्या दिवशी जिल्ह्याहून एक साहेब येऊन बसतो नि ते घेऊन जातो. कोणी लिहीत नाही कधी. मला वाटलं रेजी येऊन भांडेल. आला नाही. नुसता रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बरीच हुशार झालीस." मी म्हटलं, "तुझ्याच घरची."

हे आमचं शेवटचं बोलणं. रजिस्टर उघडलं सोमवारी. शुक्रवारी तो रानात वादळानं पडलेलं झाड कापायला गेला. जेवायला आला नाही. क्लेमांस नि दोघं गेले शोधायला. करवत बंद करून बाजूला नीट ठेवलेली, नि हा झाडाला टेकून. डॉक्टर म्हणाले हृदय.

अंत्यविधीला किती माणसं. फेर्नांच्या वेळेला अकरा होतो, पाद्री धरून. रेजीच्या वेळेला सायकली चर्चच्या भिंतीपासून धुण्याच्या हौदापर्यंत लावलेल्या. त्यांच्या त्या बुटांना खाली लोखंड असतं, फरशीवर टक टक टक, सगळं चर्च वाजत होतं. ते रडत होते, मला न ओळखता. एक बाई मला विचारते, "तुम्ही शेजारच्या का?" माझ्या भावाच्या पेटीपुढं उभी राहून मी जळत होते. देव मला काय म्हणाला असेल कोणास ठाऊक.

रजिस्टरच्या शेवटच्या दिवशी मी पंचायतीत गेले. जायचं कारण नव्हतं खरं तर, अर्ज माझा दिलेला होता. पण मेयरबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एकदा येऊन बघून जा, मोरिसेत." साहेब टेबलापाशी सॅंडविच खात बसले होते. मी पान उघडलं. पूर्ण रजिस्टरमध्ये एकच लिहिलेलं. रेजीचं अक्षर, कोंबडीचे पाय.

"विकायला माझा विरोध आहे. ही वाट वापरातली आहे. माझी बहीण मोरिसेत लग्न होईपर्यंत रोज दोन वेळा इथून गायी पाण्यावर न्यायची. पाऊस असो बर्फ असो. वाट तिच्यामुळं राहिली. मला सायकल तिनं इथंच शिकवली, मागून सीट धरून पळत. ती विसरली असेल. मी साक्ष देतो. रेजी, पंचायतीचा निवृत्त रस्तेवाला."

विसरली असेल म्हणे! माझं डोकंच फिरलं. त्या वाटेवर मी लाकडी बूट घालून पळत होते नि हा ओरडत होता सोडू नको सोडू नको, नि मग स्वतःच सुटला नि गिरणीपर्यंत गेला, मागे वळून बघितलं नाही. मी धापा टाकत मध्येच उभी. आणि विसरीन मी?

मी साहेबांचं पेन घेतलं नि खाली लिहिलं. "मी विसरलेली नाही. तीनदा पडला होतास, ते लिहिलं नाहीस. आणि मला एकदा पण चालवायला दिली नाहीस."

साहेब वाकून बघतात. "बाई, हे वाटेबद्दलच्या म्हणण्याचं रजिस्टर आहे. पत्र नाही."

"थांबा हो, संपलं नाही माझं."

"पण अर्ज तुमचाच ना? मग तुम्ही बाजूनं की विरोधात?"

मी त्यांच्या सॅंडविचकडे बघत राहिले. भाऊ माझ्याविरुद्ध लिहून गेला, नि माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं. त्याला उत्तर पण देता येईना. ह्यात पण तोच पुढं.

मी लिहिलं. "अर्ज मागे घेते. तार मी स्वतः काढते. पण फाटक राहणार, गायी आहेत. सायकलवाल्यांनी उतरायचं, फाटक उघडायचं, परत लावायचं. वाटेला रेजीचं नाव द्यायचं नाही. ती आधी गायींची होती. मोरिसेत."

सही केली. साहेबांनी शिक्का मारला. मारताना म्हणाले, "उतरायलाच पाहिजे का? त्यांना आवडत नाही उतरायला."

"म्हणूनच," मी म्हटलं.

आता दोन रविवार झाले. फाटक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच येतं. येतात, उतरतात, कडी त्यांना काही उघडत नाही, ती वर उचलून ढकलावी लागते. मग मला जावं लागतं बाहेर. बोंझूर म्हणतात. काल एकानं नाव विचारलं. सांगितलं.

पॅटिस पण मीच करते हे क्लेमांसनं नकाशावर छापावं, एवढंच.