आधी तळं, मग घर

भरवेलीच्या ऑफिसातून बालाघाटला परतताना तो मला रोज दिसायचा. खाणीतली पाळी संपवून आलेला, हेल्मेटचा वळ अजून कपाळावर. मोटारसायकल मोहाच्या झाडाखाली लावून रस्त्यालगतच्या तळ्यात पाय सोडायचा आणि पलीकडच्या बगळ्यांकडे बघत राहायचा. मला त्याचा राग यायचा. माझ्या यादीत संध्याकाळचीच सात कामं असतात.

एकदा माझी स्कूटर तिथेच पंक्चर झाली. मेकॅनिकची वाट बघत मी उभी होते, तेवढ्यात त्याला फोन आला. "हौ, येऊन राह्यलो," म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"घरचे वाट पाहून राह्यले ना? मग जा की!" मी म्हटलं.

तो हसला. "बाई, दिवसभर जमिनीखाली अंधारात रायतो. आधी तसाच तणतणत घरी जायचो. गाडीचा आवाज आला की माही पोरगी पलंगाखाली लपे. तवाच ठरवलं, डोकं थंड झाल्याबिगर घरी जायचं नाही."

"अन् आता?"

"आता फाटकापर्यंत येते. पन रोज बसा लागते. एक दिवस चुकवला का तिले लगेच समजते."

मी घरात शिरले की आमच्याकडे टीव्हीचा आवाज कमी होतो. त्याला मी शिस्त समजत होते.

दुसऱ्या दिवसापासून मीही तळ्याशी थांबते. अजून दहा मिनिटांपुढे बसवत नाही, पण सोडणार नाही.