मिठाच्या दोन राजकन्या

परळीच्या पेठेत शिवलिंगप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्यांच्या मुलाचं, बसवेशचं, केबलचं ऑफिस. वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. माझे यजमान थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात नोकरीला, पण क्वार्टर काही मिळेना. म्हणून नव्वदनंतरची कितीतरी वर्षं मी त्याच घराच्या जिन्यावरून वर-खाली केली आणि गच्चीवरच्या कपड्यांवरची राख झटकली. तेव्हा गंगासागरबाईंबद्दल सांगते आहे ते माझ्या डोळ्यांदेखतचं आहे, ऐकीव नाही.

गंगासागरबाई म्हणजे शिवलिंगप्पांच्या मंडळी. ठेंगण्या, गोऱ्या, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. त्याची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झालेली. इंग्रजीचा गंध नव्हता, तरी अर्ध्या गावाला इंग्रजी कार्टून सिनेमे त्यांनीच समजावून सांगितले.

त्या काळात केबलवाल्यांचा स्वतःचा एक चॅनल असायचा. दुपारी बसवेश त्यावर कॅसेट लावायचा. हिंदी सिनेमे महाग पडायचे, म्हणून औरंगाबादचा माणूस जे स्वस्तात देईल ते लावायचं, आणि स्वस्तात मिळायची ती इंग्रजी कार्टूनं. ती कुणाला कळायची नाहीत. गल्लीतली पोरं ऑफिसच्या दाराशी येऊन राजा काय म्हणाला, राक्षस काय म्हणाला, असं विचारत बसायची. जाहिरातींसाठी बसवेशकडे एक माईक होता. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, असलं त्यावर सांगायचा. एकदा तो वायर जोडायला बाहेर गेला आणि आईला खोलीत बसवून गेला. पोरांनी भंडावून सोडल्यावर बाईंनी माईक उचलला आणि पडद्यावर दिसेल तसं सांगायला सुरुवात केली. बसवेश परत आला तो कपाळाला हात लावूनच. पण दुसऱ्या दिवशी दहा घरांतून निरोप आले की आईला रोज बसव.

तेव्हापासून दुपारचे दोन वाजले की सिनेमाचा आवाज बंद आणि बाईंचा सुरू. "राजा लई रागीट हाय. त्याला पोटाचा तरास हाय, म्हणून सारखा खेकसतो." जिथं कळायचं नाही तिथं त्या अडायच्या नाहीत, पदरचं घालायच्या. त्यांच्या तोंडून परदेशी राजवाड्यात शेंगदाण्याची चटणी वाढली जायची आणि घोडे जवळच्या घाटनांदूरच्या बाजारातून आणलेले असायचे. मी त्याला थोतांड म्हणायची, पण वेळ झाली की टीव्ही मात्र लावायची.

आता मुलीचं सांगते. शिवांजली ही त्यांची धाकटी. तिनं भागवतशी लग्न केलं. भागवत मेंढपाळाच्या घरचा, थर्मलमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. मुलगा सरळ होता, पण मटण खाणाऱ्या घरात लिंगायताची पोर गेली म्हणून पेठेत बोभाटा झाला. शिवलिंगप्पांनी आरडाओरडा केला नाही. फक्त जेवताना एवढंच म्हणाले की या घरात ते नाव आता कुणी घ्यायचं नाही. कुणी घेतलं नाही. शिवांजली रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहायची, चालत गेलं तर अर्ध्या तासाचं अंतर. पण बाई कधी गेल्या नाहीत. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाणं त्यांना माहीतच नव्हतं.

एक केलं त्यांनी. बसवेशला गुपचूप सांगितलं की तिच्या घरी केबल जोडून दे, पैसे घेऊ नकोस. बसवेश म्हणाला, जोडली. त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्यात एक फरक पडला. सिनेमातली राजकन्या कुठलीही असो, बाई तिला "पोरी" म्हणायला लागल्या. "पोरी, ऊन लई हाय, डोक्यावर पदर घे." "पोरी, रडू नको, काईतरी खाऊन घे आगुदर." राजकन्येच्या अंगात झगा असायचा, पदर कुठला आलाय. बायका हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही, कारण त्या कुणाशी बोलताहेत ते मला कळत होतं. शिवलिंगप्पांनाही कळत असावं. गल्ल्याजवळच्या छोट्या टीव्हीवर ते हे सगळं ऐकायचे आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे. बंद कर, असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर मिठाच्या राजकन्येचा पहिला सिनेमा आला. गोष्ट आपल्याकडेही घरोघर सांगतात. राजा मुलींना विचारतो, मी तुम्हाला किती आवडतो? थोरल्या म्हणतात साखरेइतके, मधाइतके. धाकटी म्हणते मिठाइतके, आणि राजा तिला हाकलून देतो. या पहिल्या सिनेमातली राजकन्या बशीएवढ्या डोळ्यांची, उठसूट गाणारी. ती रानात रडते, तिला राजपुत्र भेटतो, लग्न होतं. मग ती वेश पालटून बापाला जेवायला बोलावते आणि सगळा स्वयंपाक अळणी वाढते. राजाला मिठाची किंमत कळते, तो रडतो आणि पोरीला पोटाशी धरतो.

दुसरा पुढच्या वर्षी आला, सीडीवर. तो कॉम्प्युटरवर काढलेला होता, माणसं तेल चोपडल्यासारखी चकाकत होती. गोष्ट तीच, पण ही राजकन्या आखूड केसांची आणि तोंडाळ. हाकलल्यावर ती रडत नाही, चालत समुद्रावर जाते आणि मिठागरात कामाला लागते. पुढे मिठागर तिचंच होतं. बापाच्या राज्यातलं मीठ संपतं आणि तो स्वतः तिच्या दारात येतो. ती त्याला पोतं भरून मीठ देते, पाणी देते, पण त्याच्याबरोबर परत जात नाही.

यावरून गल्लीत दोन तट पडले. बहुतेक बायकांना पहिली आवडली. नवरा मिळाला, बाप मिळाला, आणखी काय पाहिजे? दुसरीला त्या शिष्ट म्हणायच्या. म्हातारा बाप दारात आलाय आणि ही हात धुऊन कामाला लागते, हे काय वागणं? मी दुसरीच्या बाजूची. पहिलीनं बापाला धडा शिकवायला मेजवानी घातली, म्हणजे शेवटी त्याच्या पसंतीसाठीच मरमर केली, असं माझं म्हणणं. शिवाय दुसरीत गाणी कमी होती. भांडण वाढलं तसं बसवेशनं जाहीर केलं की सोमवार-मंगळवार दोन्ही परत लावतो, तुम्हीच ठरवा.

त्याच आठवड्यात भाजीवाली केशरबाई आली. ती वस्तीतही जायची. शिवांजलीचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, तिनं हळूच सांगितलं. घरात सासू एकटी, आणि ती दिवसभर मेंढरांमागं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हा आपल्याकडचा रिवाज, पण पोरीला माहेरच उरलेलं नव्हतं. त्या रात्री बाईंनी नवऱ्यापुढे पहिल्यांदा ते नाव घेतलं. तिला आणू का, असं विचारलं. शिवलिंगप्पा ताटावरून उठले आणि हात धुऊन झोपायला गेले. हे मला बाईंनीच दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं.

सोमवारी पहिला सिनेमा झाला. मंगळवारी दुसरा लागला. सुरुवातीलाच राजकन्या एका तसबिरीपुढे उभी राहते, तसबिरीत तिची मेलेली आई. मागच्या वेळी बाईंनी हे भरभर सांगून टाकलं होतं. या वेळी त्या थांबल्या. टीव्हीवर चित्र हलत होतं आणि आवाज नव्हता. मला वाटलं वायर सुटली.

मग आवाज आला. "दोनी पिच्चरमधी आई मेलेली हाय. काल बी मेलेली, आज बी मेलेली. कावून मारलं तिला? आई जिती आसती तर पोरीला रानात जावंच लागलं नसतं, म्हणून मारलं." मग त्यांनी सिनेमा सोडूनच दिला. "शिवांजली, तुजी आई मेलेली न्हाई. घरात बसून बडबडायलीय नुसती. मी येते."

पेठेतल्या निदान दोनशे टीव्हींवर ते नाव ऐकू गेलं. मी जिन्यावरून धावत खाली आले. बाईंनी पूजेचा डबा आणि दोन लुगडी पिशवीत भरली होती. खोलीत सिनेमा इंग्रजीतून पुढे चालू झाला होता. मी न विचारताच त्यांच्याबरोबर निघाले.

दुकानापुढं त्या उभ्या राहिल्या. शिवलिंगप्पा साखर पुड्यात बांधत होते. "ऐकलंच आसंल तुमी," बाई म्हणाल्या. "मी पोरीकडं चाल्ले. किती दिस लागतील म्हाईत न्हाई." शिवलिंगप्पांनी वर पाहिलं, दोरा गुंडाळला, तोडला आणि पुडा गिऱ्हाइकाच्या हातात दिला. बाई वळल्या आणि रिक्षात बसल्या.

वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. दारात सासू, मनकर्णाबाई. तिनं बाईंना ओळखलं आणि गडबडीनं चुलीवरचं भांडं झाकलं. "विहीणबाई, म्हैनाभर आमच्यात काय शिजणार न्हाई तसलं," ती म्हणाली. आत शिवांजली भिंतीला टेकून बसली होती, खरंच सुजलेली. आईला बघून तिला उठताच येईना. बाईंनी तिला धरलं. मग डोळे पुसून त्यांनी पहिल्यांदा खोलीत पाहिलं ते टीव्हीकडे. कोपऱ्यात एक छोटा टीव्ही होता.

"आजचं ऐकलंस का?" त्यांनी विचारलं.

"काय ऐकलं?"

"केबलवर. मी सांगितलेलं."

शिवांजलीला काही कळेना. "आई, आमच्यात केबल कुठं हाय? अँटिन्यावर दूरदर्शन दिसतं तेवढंच. दादा आलताच न्हाई कदी."

मी बसवेशला लहानपणापासून ओळखत नव्हते, नाहीतर त्या दिवशी त्याचे कान उपटले असते. बापाला कळलं तर काय, या भीतीनं त्यानं वायर नेलीच नव्हती. दीड वर्ष बाई रोज दुपारी पोरीशी बोलत होत्या आणि ते ऐकत होते सगळे, एक पोर सोडून. बाई खाली बसल्या. मनकर्णाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आयुष्यात दुसऱ्या जातीच्या घरचं पाणी न घेतलेल्या बाईंनी तो हातात घेतला आणि प्यायल्या.

त्या तिथेच राहिल्या. पेठेत दुपारी कार्टून लागायची, पण बाईंच्या आवाजाशिवाय ती कोण बघणार? शिवलिंगप्पा काही आले नाहीत. बाळंतपणाला नाही, बारशाला नाही, पुढेही कधी नाही.

चार दिवसांनी मी बाईंचं एक धडुतं आणि औषधाची बाटली घेऊन गेले. बाळ अजून व्हायचं होतं. दुपारची वेळ होती. बाई मुलीच्या पायाला तेल चोळत होत्या आणि तिला दुसरा सिनेमा सांगत होत्या, अगदी पहिल्यापासून, मिठागरापर्यंत आल्या होत्या. शिवांजली डोळे मिटून ऐकत होती.

"मग राजा येतो का तिच्याकडं?" तिनं विचारलं.

बाईंचा हात थांबला. "पिच्चरमधी येतो."

शिवांजलीनं डोळे उघडले आणि आईकडे बघत राहिली.

"न्हाई यायचे ते, पोरी," बाई म्हणाल्या. "तू वाट बघू नको. मी आलेय. दुसरा पाय इकडं कर."